एचडी टीव्ही आत्ता घ्यावा की थांबावं? एका जुन्या पेचाची पार्श्वभूमी

केबल डिजिटल करण्याच्या कायद्यानुसार मुंबईतल्या केबलच्या घरांना सेटटॉप बॉक्स बसवायची मुदत आधी ३० जून २०१२ होती, ती पुढे ढकलून ३१ ऑक्टोबर झाली. पुणे, नागपूर, नाशिक या शहरांची पाळी ३१ मार्च २०१३ ला आली. त्याच काळात दुकानांतून पिक्चर ट्यूबचे खोके मागे सरकत होते आणि भिंतीवर टांगायचे चपटे टीव्ही पुढे येत होते. त्यांवर स्टिकर असायचं, 'एचडी रेडी' नाहीतर 'फुल एचडी'. एचडी म्हणजे हाय डेफिनिशन, जास्त ठिपक्यांचं स्पष्ट चित्र; 'रेडी'त ठिपके कमी, 'फुल'मध्ये जास्त.

म्हणजे तीन निरनिराळे बदल एकदमच दारात आले. खोक्याचा टीव्ही जाऊन चपटा आला, केबलचा सिग्नल अॅनालॉगचा (लहरींच्या रूपातला) डिजिटल (आकड्यांच्या रूपातला) झाला आणि साध्या चित्राशेजारी एचडी चित्र आलं. नवा टीव्ही घ्यावा की थांबावं हा पेच पडला तो या तिन्हींची गल्लत झाल्यामुळे. 'आता सगळं डिजिटल, म्हणजे जुना टीव्ही भंगारात' हा समज साफ चुकीचा होता. कायदा केबलमधून येणाऱ्या सिग्नलपुरता होता. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने तो बॉक्स जुन्या टीव्हीलाही जोडता येत होता.

१९८२ मध्ये हा घोळ झाला नव्हता. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला दूरदर्शनचं रंगीत प्रक्षेपण सुरू झालं आणि नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई स्पर्धा आल्या. पण तेच प्रक्षेपण कृष्णधवल सेटवरही दिसत होतं, फक्त रंगाविना. थांबणाऱ्याचा एकही कार्यक्रम बुडाला नाही. एचडीचं तसं नव्हतं. त्याला चॅनेल वेगळं, बॉक्स वेगळा आणि महिन्याचे पैसेही वेगळे.

घाईची खरी किंमत मोजली ती जपानी ग्राहकांनी. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या प्रयोगशाळेने अधिक स्पष्ट चित्राचा शोध सुरू केला. त्यातून ११२५ रेषांचं 'हाय-व्हिजन' निघालं आणि १९८९ मध्ये उपग्रहावरून रोज तासभर प्रायोगिक प्रक्षेपण होऊ लागलं. चित्र अप्रतिम होतं, पण ते अॅनालॉग पद्धतीने पाठवलं जाई. सुरुवातीचे सेट दहा लाख येनांच्या कितीतरी वर होते. पुढे अमेरिकेत डिजिटल पद्धत सिद्ध झाली, १९९६ च्या डिसेंबरात तिथे ती मानक म्हणून स्वीकारली गेली आणि डिसेंबर २००० मध्ये जपाननेही उपग्रहावर डिजिटल एचडी सुरू केलं. ते पकडणं जुन्या महागड्या सेटला एकट्याने जमणारं नव्हतं. २००७ मध्ये अॅनालॉग हाय-व्हिजन बंदच झालं. मला या माणसांबद्दल मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांनी निवडलेली वस्तू उत्तम होती.

अमेरिकेने १२ जून २००९ ला मोठ्या केंद्रांचं अॅनालॉग प्रक्षेपण थांबवलं, तेव्हा जुन्या टीव्हीला लावायच्या कन्व्हर्टर बॉक्ससाठी घरटी ४० डॉलरची दोन कुपनं दिली होती. जुना टीव्ही फेकू नका, हे तिथे सरकारनेच सांगितलं. आपल्याकडे हे इतक्या ठळकपणे सांगितलं जायला हवं होतं.

भारतात दूरदर्शनने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी एचडी चॅनेल आणलं आणि डीटीएच कंपन्यांचे एचडी बॉक्सही त्याच वर्षी आले. साधं डिजिटल चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, फुल एचडी १९२० बाय १०८०, म्हणजे बरोबर पाचपट. त्यामुळे साधा बॉक्स लावून नवा मोठा टीव्ही बघणाऱ्यांची निराशा व्हायची. थोडेच ठिपके मोठ्या पडद्यावर पसरायचे आणि चौकोनी चित्र ताणल्याने नायिकेचा चेहरा रुंद दिसायचा. जुन्या खोक्यावर तेच चित्र नेटकं वाटे. दोष टीव्हीचा नव्हता, मागून येणाऱ्या सिग्नलचा होता.

शिवाय एचडीचा पुरा तपशील दिसायला चित्राच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतरावर बसावं लागतं. ३२ इंची टीव्हीसाठी हे अंतर जेमतेम चार फूट भरतं. आपल्या हॉलमध्ये सोफा आठ-दहा फुटांवर असतो. तिथून ३२ इंचांत 'रेडी' आणि 'फुल' यांतला फरक डोळ्यांना कळणं कठीण, आणि त्यासाठी जास्त पैसे मोजणं मला तरी पटत नाही.

राहिला प्रश्न बघायचं काय याचा. इंग्रजी माहितीपट आणि खेळ बघणाऱ्या घराला २०१०-११ पासून एचडी टीव्हीचा उपयोग होता. संध्याकाळी मराठी मालिका लावणाऱ्या घराला मात्र थांबणंच शहाणपणाचं होतं. स्टार प्रवाह आणि झी मराठी यांची एचडी चॅनेलं आली ती २०१६ मध्ये, मुंबईतल्या त्या मुदतीनंतर जवळजवळ चार वर्षांनी.