फॅशन छायाचित्रणातल्या कमी खर्चाच्या युक्त्या आल्या कुठून?

लेन्सवर झिरझिरीत कापड ताणा, मागे जुना पडदा टांगा, मॉडेलला खिडकीपाशी उभं करा. कमी पैशांत फॅशनचे फोटो काढू पाहणाऱ्याला हे सल्ले हमखास मिळतात आणि ऐकणाऱ्याला ती गरिबाची तडजोड वाटते. पण यातल्या बऱ्याच युक्त्या 'व्होग' आणि 'हार्पर्स बझार' या बड्या मासिकांसाठी काम करणाऱ्यांनीच रुळवल्या आहेत.

छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी १९११ मध्ये फ्रेंच फॅशन डिझायनर पॉल प्वारे यांच्या पोशाखांचे फोटो काढले, तिथून आधुनिक फॅशन छायाचित्रणाची सुरुवात मानली जाते. पाठोपाठ 'व्होग'साठी काम करणारे बॅरन डी मेयर आले. ते मॉडेलच्या मागून प्रकाश सोडत आणि लेन्ससमोर तलम जाळी लावत. जाळीमुळे उजळ भाग किंचित पसरतात आणि रेशीम, मोती, केस यांना झळाळी येते. सेसिल बीटन यांनी तर चंदेरी कागद, सेलोफेन आणि आरसे वापरून आपल्या बहिणींचे फोटो काढले होते. पुढे १९४१ मध्ये लंडनमधल्या बॉम्बहल्ल्यात पडलेल्या मिडल टेंपल या वकिलांच्या जुन्या संस्थेच्या इमारतीच्या अवशेषांसमोर त्यांनी नेटका सूट घातलेली मॉडेल पाठमोरी उभी केली. कुठल्याही महागड्या सेटसमोर त्या सुटाची शिलाई इतकी ठळक दिसली नसती.

मार्टिन मुंकाची मूळचे क्रीडा छायाचित्रकार. १९३३ मध्ये त्यांनी ल्युसिल ब्रोकॉ या मॉडेलला समुद्रकिनाऱ्यावर कॅमेऱ्याच्या दिशेने पळायला लावलं. स्टुडिओतल्या ताठ पोझमध्ये न दिसणारी कापडाची चाल त्या फोटोत दिसली. खर्च जवळपास शून्य, पण परिणाम पुढच्या कित्येक दशकांवर झाला.

माझ्या मते या सगळ्यात शिकण्यासारखं सर्वाधिक आहे ते अर्विंग पेन यांच्या १९५० च्या पॅरिसमधल्या कामात. नव्या हंगामाचे पोशाख टिपायला त्यांनी एका जुन्या इमारतीतला वरच्या मजल्यावरचा स्टुडिओ घेतला आणि खिडकीतून येणाऱ्या दिवसाच्या उजेडावर काम केलं. मागे होता नाटकाचा एक जुना, करड्या डागांचा पडदा. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून ऊन सहसा थेट आत येत नाही, म्हणून असा प्रकाश मऊ आणि बराच वेळ एकसारखा राहतो. तो बाजूने पडला की प्रत्येक चुणीला स्वतःची सावली मिळते, लोकर आणि साटीन यांतला फरक डोळ्यांनाच कळतो. करडा पडदा काहीच सांगत नाही, त्यामुळे पोशाखाची बाह्यरेषा स्वच्छ उठून दिसते. पेन यांनी तो पडदा पुढे आयुष्यभर सांभाळला. मोठ्या मासिकाचा पैसा पाठीशी असताना त्यांनी हे निवडलं, हे विसरू नये.

काहींनी कॅमेऱ्यानंतरच्या टप्प्यावर हात चालवला. लिलियन बासमन डार्करूममध्ये रसायनाने प्रिंटचे भाग फिकट करत, मग कपड्यातली फक्त वळणं उरत. पाओलो रोव्हर्सी यांनी अंधाऱ्या स्टुडिओत शटर उघडं ठेवून हातातली विजेरी मॉडेलवर फिरवली.

१९८० मध्ये लंडनला सुरू झालेल्या 'आय-डी' या मासिकाने रस्त्यावरच्या तरुणांना साध्या भिंतीसमोर, नखशिखांत, त्यांच्याच कपड्यांत उभं केलं. १९९० मध्ये छायाचित्रकार कोरीन डे यांनी सोळा वर्षांच्या केट मॉस या मॉडेलचे फोटो 'द फेस' या मासिकासाठी समुद्रकिनारी, दिवसाच्या उजेडात काढले. हीच रीत १९९३ मध्ये ब्रिटिश 'व्होग'मध्ये पोहोचली, तेव्हा मॉसच्याच घरात, भिंतीवर चिकटवलेल्या दिव्यांच्या माळेजवळ काढलेल्या फोटोंवर मोठा वाद झाला. मुलीच्या कृश देहाबद्दलचे आक्षेप मला रास्त वाटतात. राहत्या खोलीत, आहे त्या उजेडात कपडे दाखवण्याची पद्धत मात्र त्यानंतर फॅशन मासिकांत पक्की झाली.