लेखकाचं नाव नसलेलं ऑनलाइन पान प्रबंधात कसं नोंदवायचं?

प्रबंध जमा करायचे दिवस जवळ आले की ग्रंथालयात माझ्या टेबलापुढं गर्दी होते. कुणी औशाहून, कुणी अहमदपूरहून सकाळच्या एसटीनं आलेलं असतं. हातात संदर्भसूचीचा प्रिंट असतो आणि प्रश्न बहुतेकांचा एकच: "मॅडम, वेबसाइटवर लेखकच नाही, काय लिहू?" मागे दुष्काळावरच्या एका प्रबंधात अकरा ठिकाणी ‘लेखक अज्ञात’ लिहिलेलं मी पाहिलं. तपासलं तर नऊ ठिकाणी लेखक होता.

म्हणून आधी पात्रता. ‘विनालेखक’ म्हणून नोंदवायला कोणतं पान पात्र ठरतं? ज्यावर ना व्यक्तीचं नाव, ना संस्थेचं, तेच. आणि हे ठरवायला पान तळापर्यंत वाचावं लागतं. मराठी विश्वकोशातली नोंद उघडून बघा. वर फक्त शीर्षक दिसतं आणि पोरं तिथंच थांबतात. लेखकाचं नाव बहुधा नोंदीच्या अगदी शेवटी असतं. मराठी विकिपीडियाचं तसं नाही, तिथं लेखक खरोखरच एक नसतो. तिथं ‘इतिहास’ उघडून तुम्ही वाचलेल्या आवृत्तीचा कायमचा दुवा घ्यायचा. पान उद्या बदललं तरी तुमची आवृत्ती तिथं सापडते. (परीक्षकाला विकिपीडिया चालेल का, हे आधी गाइडला विचारा. बऱ्याच जणांना चालत नाही आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.)

सरकारी पानांवर गोंधळ सगळ्यात जास्त, आणि आपल्याकडं पाणी, शेती, दुष्काळ असे विषय असल्यानं निम्मे संदर्भ सरकारीच असतात. 31 ऑक्टोबर 2018चा शासन निर्णय घ्या, राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो. खाली सही अधिकाऱ्याची असते, म्हणून कुणी त्या अधिकाऱ्यालाच लेखक करतं. तसं करू नका. लेखक तो विभाग. एपीए, म्हणजे अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची संदर्भ लिहिण्याची पद्धत, तिच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे 2019च्या, ज्या विभागानं प्रत्यक्ष काम केलं त्याचं नाव आधी आणि वरची यंत्रणा प्रकाशकाच्या जागी येते: महसूल व वन विभाग. (2018, 31 ऑक्टोबर). निर्णयाचं पूर्ण शीर्षक. महाराष्ट्र शासन. निर्णयाच्या शेवटी ‘संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक’ अशी ओळ असते. तो लांबलचक आकडा उतरवून घ्या. संकेतस्थळाची रचना बदलली तरी संकेतांकावरून निर्णय शोधता येतो.

बातमीत नावाच्या जागी नुसतं ‘प्रतिनिधी’ किंवा ‘ऑनलाइन टीम’ असेल तर मी शीर्षकापासून सुरुवात करायला सांगते.

आता उरलेली, खरोखर निनावी पानं. एपीएत लेखकाची जागा शीर्षक घेतं आणि त्यामागे तारीख. समजा, पानाचं शीर्षक ‘लातूरचा पाणीप्रश्न’ आहे आणि तारीख कुठंच नाही. सूचीत लिहायचं: लातूरचा पाणीप्रश्न. (ता. ना.). मग संकेतस्थळाचं नाव आणि पत्ता. मजकूर वारंवार बदलणारं पान असेल तर पाहिल्याची तारीखही. मजकुरात कंसात तेच शीर्षक, गरज पडली तर थोडक्यात. ‘ता. ना.’ म्हणजे तारीख नाही. हे संक्षेप सुरुवातीला एकदा फोडून सांगा. एमएलए या संदर्भ लिहिण्याच्या दुसऱ्या पद्धतीतही लेखक गाळून शीर्षकानंच सुरुवात होते, पण एक फरक आहे: संस्था लेखक आणि प्रकाशक दोन्ही असेल तर तिचं नाव फक्त प्रकाशकाच्या जागी येतं. ‘अज्ञात’ हा शब्द दोन्हीकडं तुम्ही स्वतःहून घालायचा नाही. एपीएत तो चालतो, पण मूळ लेखनावरच तशी सही असेल तेव्हाच. सूचीत ही नोंद शीर्षकाच्या पहिल्या अक्षरानुसार बसते. इंग्रजीत शीर्षकाआधीचा ‘द’ सोडून क्रम लावावा लागतो, मराठीत ती कटकट नाही.

जुन्या पानावर ‘उस्मानाबाद’ किंवा ‘औरंगाबाद’ असेल तर शीर्षकात तेच ठेवा. 2011च्या जनगणना हस्तपुस्तिकेवर ‘धाराशिव’ लिहिलंत तर शोधणाऱ्याला ती सापडणार नाही. नवं नाव तुमच्या स्वतःच्या वाक्यात वापरा.

कागदपत्रं. प्रत्येक निनावी पानाची पीडीएफ, पाहिल्याच्या तारखेसकट. ते पान वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर, जतन केलेलं असेल तर तो दुवा. शासन निर्णयाची डिजिटल सहीची प्रत. हे सगळं एका फोल्डरमध्ये, कारण तोंडी परीक्षेत ‘हे कुठून आणलं?’ असा प्रश्न आला तर मोबाइलची रेंज शोधत बसायला नको. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या नियमांप्रमाणे प्रबंधासोबत तुमचं हमीपत्र लागतं: काम स्वतःचं आहे आणि विद्यापीठानं मान्य केलेल्या सॉफ्टवेअरमधून तपासलेलं आहे. गाइडचं प्रमाणपत्र वेगळं.

हे सॉफ्टवेअर तुमचा मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतो ते दाखवतं. हे साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. 10 ते 40 मध्ये ठरवून दिलेल्या मुदतीत सुधारून द्यायचं, ही मुदत जास्तीत जास्त सहा महिने. 40 ते 60 असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि त्यापुढं नोंदणीच रद्द. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली जाते. इथंच निनावी पानं अडचणीत आणतात. ‘लेखकच नाही, मग नाव कुणाचं द्यायचं’ म्हणून परिच्छेद तसाच उचलला, श्रेय दिलं नाही, तर तो साम्यातच मोजला जातो. लेखकाचं नाव नसलं म्हणून मजकूर बेवारस होत नाही.

पदवी मिळाल्यावर महिन्याभरात प्रबंधाची सॉफ्ट कॉपी विद्यापीठ गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याच्या केंद्राकडं पाठवतं आणि ती शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात चढते. जमा करण्याच्या आदल्या आठवड्यात सूचीतला प्रत्येक दुवा एकदा उघडून बघा. जो उघडत नाही, त्याच्या जागी जतन केलेला दुवा घाला आणि मगच बाइंडिंगला द्या.