ढेकराचा हिशेब: गाईच्या मिथेनवर काम करणाऱ्यांचा पेशा कसा घडला

रवंथ करता करता गाय मान जराशी लांबवते आणि ढेकर देते. आवाज जवळजवळ नसतोच. तिच्या पोटात तयार झालेला मिथेन बहुतेक सगळा याच वाटेने बाहेर पडतो, शेपटीकडच्या नव्हे. यावर विनोद करणाऱ्यांपर्यंत ही गोष्ट अजून पोचलेली दिसत नाही. हा वायू मोजणं आणि कमी करणं हा आज पूर्णवेळ पेशा आहे. न्यूझीलंडमधलं पामर्स्टन नॉर्थ, अमेरिकेतलं डेव्हिस, आपल्याकडे बंगळूरूचं आडुगोडी आणि हरियाणातलं कर्नाल ही त्याची काही ठाणी. हवामानबदलाच्या काळात हे काम सुरू झालं असेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते वैरणीच्या हिशेबातून सुरू झालं, आणि त्या जुन्या हिशेबाची छाया त्यावर अजून आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजात हेन्री आर्म्सबी यांनी एक हवाबंद खोली बांधली. आत बैल उभा करायचा. त्याने किती खाल्लं, शेण-मूत्र किती टाकलं, अंगातून उष्णता किती गेली, श्वासातून आणि ढेकरातून कोणता वायू किती निघाला, सगळं मोजायचं. जर्मनीत लाइपझिगजवळच्या मॉकर्न येथे ऑस्कर केलनर हेच करत होते. प्रश्न शेतकऱ्याचा होता: घातलेल्या चाऱ्यातलं किती मांसात आणि दुधात उतरतं? जमाखर्च मांडताना एक रक्कम दरवेळी गळती म्हणून निघे, ती मिथेनची. चाऱ्यातल्या एकूण ऊर्जेपैकी साधारण २ ते १२ टक्के ऊर्जा या वायूतून निघून जाते. शंभर रुपयांची वैरण घातली, तर दोन ते बारा रुपये ढेकरात गेले म्हणायचे.

ही गळती हाच पुढची कित्येक दशकं विषय राहिला. स्वित्झर्लंडहून आलेल्या मॅक्स क्लायबर यांनी १९२९ नंतर डेव्हिसमध्ये अशाच श्वसनकक्षांवर काम केलं. स्कॉटलंडमध्ये केनेथ ब्लॅक्स्टर आणि क्लॅपर्टन यांनी १९६५ मध्ये आहारावरून मिथेनचा अंदाज बांधणारं समीकरण दिलं. पुढे हवामानवाल्यांनी हेच समीकरण उचललं, पण मांडणाऱ्यांच्या मनात वातावरण नव्हतं, खुराक होता.

वायू बनवतं कोण, हा प्रश्न वेगळ्या लोकांकडे होता. गाईच्या चार कप्प्यांच्या पोटातला सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. तिथे प्राणवायू जवळपास नाही, त्यामुळे तिथले सूक्ष्मजीव बाहेर काढले की मरतात. रॉबर्ट हंगेट या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने प्राणवायू बाहेर ठेवून, नळीच्या आतल्या अंगाला माध्यमाचा पातळ थर देऊन त्यांना वाढवण्याची रीत बसवली. आज त्या क्षेत्रात पाऊल टाकणारा विद्यार्थी पहिल्या काही महिन्यांत तिच्याशीच झगडतो. मग चित्र उलगडलं. कडबा-गवतातलं तंतुद्रव्य जिवाणू फोडतात, त्यात हायड्रोजन सुटतो. तो साठला तर फोडण्याचं कामच तुंबतं. मिथेन करणारे जीव तो हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी जोडून त्याचा मिथेन करतात आणि वाट मोकळी ठेवतात. म्हणजे मिथेन हा नुसता अपव्यय नाही, मोरीतून पाणी वाहून जातं तसा तो निचरा आहे. निचरा बंद करायचा, तर त्या हायड्रोजनला दुसरी वाट द्यावी लागते. या क्षेत्रातल्या बहुतेक फसलेल्या कल्पना इथेच फसल्या. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवलं की हे जीव जिवाणूच नव्हेत, सजीवांची ती वेगळीच शाखा, आर्किया. म्हणून फक्त त्यांनाच अडवणारं, जिवाणूंना धक्का न लावणारं काही सापडेल अशी आशा निर्माण झाली.

आपल्याकडे मात्र याच जीवांबद्दल नेमकी उलटी इच्छा होती. १८९७ मध्ये मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्यापासून वायू काढून वापरला गेला. १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणाच्या वायूवर प्रयोग केले आणि पुढे खादी ग्रामोद्योगाने गोबरगॅस गावोगावी नेला. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेतही मिथेन तयार करणाऱ्या जीवांवर वर्षानुवर्षं काम झालं. टाकीत मिथेन वाढवायचा आणि पोटात कमी करायचा, जीव त्याच कुळातले. महाराष्ट्रातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला या विषयाचं दार अनेकदा गोबरगॅसच्या बाजूनेच उघडलं, ते असं.

वायू रोखण्याचे पहिले प्रयत्न १९६०-७० च्या दशकांतले. क्लोरोफॉर्मसारखी हॅलोजनयुक्त (क्लोरीन, ब्रोमीन वगैरे असलेली) द्रव्यं मिथेन झपाट्याने खाली आणतात, हे तेव्हाच कळलं होतं. स्कॉटलंडच्या हॅना संस्थेत चेरकावस्की यांनी मिथेन रोखणाऱ्या अशा द्रव्यांवर काम केलं. कोंबड्यांच्या कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगावरचं मोनेन्सिन हे औषध अमेरिकेत १९७०च्या मध्यावर गुरांच्या खाद्यात आलं, तेही कमी खाद्यात जास्त वजन भरावं म्हणून. मिथेन घटला, हा वरचा फायदा. ग्लोबल वॉर्मिंग हा शब्द या कामात कुणी उच्चारत नव्हतं.

मग दुसऱ्या दारातून वातावरणशास्त्रज्ञ आले. हवेतला मिथेन वाढतोय हे १९८०च्या आसपास स्पष्ट झालं आणि तो येतो कुठून याचा शोध सुरू झाला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रातले पॅट्रिक झिमरमन आणि जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतले पॉल क्रुत्झन आदींचा १९८२ चा शोधनिबंध वाळवीच्या मिथेनवर होता. १९८६ मध्ये क्रुत्झन आणि सहकाऱ्यांनी जगातल्या पाळीव आणि जंगली रवंथ करणाऱ्या जनावरांचा एकत्रित अंदाज मांडला. ओझोनवरच्या कामासाठी याच क्रुत्झनना १९९५ मध्ये नोबेल मिळालं. गाईच्या ढेकरावर वातावरणाचे रसायनतज्ज्ञ लिहू लागले, आणि माझ्या मते या पेशाचा जन्म इथला आहे. वैरणीचा हिशेब ठेवणारे आणि आकाशाचा हिशेब ठेवणारे एका टेबलावर आले.

पण श्वसनकक्षात उभी केलेली गाय वेगळी आणि माळावर चरणारी वेगळी. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या क्रिस्टन जॉन्सन आणि झिमरमन यांच्यासह इतरांनी १९९४ मध्ये यावर तोड प्रसिद्ध केली. सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू ठरलेल्या संथ गतीने सोडणारी छोटी नळी गाईच्या पोटात सोडायची. नाकाजवळून बारीक नळी काढून गळ्यातल्या निर्वात डब्याला जोडायची. डब्यात दोन्ही वायू किती जमले, यावरून मिथेनचं गणित सुटतं. लाखो डॉलरचा कक्ष न बांधता मोजमाप शक्य झालं, आणि भारतासारख्या देशांतल्या संस्थांना हे परवडलं. झिमरमन यांनी पुढे जनावराने तोंड घातलं की खुराक टाकणारं आणि तेवढ्या वेळात त्याचा श्वास मोजणारं यंत्र बनवलं. ग्रीनफीड हे त्याचं नाव, आज ते संशोधनाच्या अनेक गोठ्यांत दिसतं.

भारतात हा विषय आला तो आधी राजकारण म्हणून. १९९० मध्ये अमेरिकेतल्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने देशोदेशींची उत्सर्जनं जोडली आणि भारताचा वाटा मोठा दाखवला. १९९१ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी त्याला खणखणीत उत्तर दिलं: पोटासाठी पाळलेल्या गाईचा मिथेन आणि चैनीच्या मोटारीचा धूर एकाच तागडीत कसा घालता? त्याच सुमारास भारतातल्या भातखाचरांतून वर्षाला ३७ दशलक्ष टनांच्या आसपास मिथेन निघतो, असा अमेरिकी पर्यावरण संस्थेचा आकडा फिरत होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे ए. पी. मित्रा यांनी १९९१ मध्ये देशभर मोजणीची मोहीम घेतली. उत्तर निघालं सुमारे ४ दशलक्ष टन. प्रकरण भाताचं होतं, धडा गुरांनाही लागू झाला: आपलं आपण मोजलं नाही, तर दुसरा कुणी अंदाज बांधून आपल्या नावावर मांडतो.

१९९२ च्या हवामान करारानंतर प्रत्येक देशाला आपल्या उत्सर्जनाची नोंद द्यावी लागली, आणि त्या नोंदींनी अनेकांना काम दिलं. आंतरसरकारी हवामान मंडळाच्या (आयपीसीसी) २००६ च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडासाठी दुभत्या गाईमागे वर्षाला ५८ किलो, म्हशीमागे ५५ आणि इतर गोवंशामागे २७ किलो मिथेन धरला आहे. युरोप-अमेरिकेच्या दुभत्या गाईसाठी हा आकडा शंभरावर जातो. पण या सरसकट आकड्यांत खिल्लारी बैल, पंढरपुरी म्हैस आणि होल्स्टिनचा संकर यांतला फरक कुठे? म्हणून कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत आणि इतरत्र देशी आकडे काढण्याचं काम सुरू झालं. भारताचा पहिला राष्ट्रीय अहवाल २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे गेला. खरं सांगायचं तर आपल्याकडचा हा प्रवाह उत्सर्जन कमी करण्यापेक्षा स्वतःची बाजू नीट मांडण्यातून आला. त्यात कमीपणा नाही.

कमी करण्याची खरी घाई होती न्यूझीलंडला. त्या देशाचं जवळपास निम्मं उत्सर्जन शेतीतून येतं. २००३ मध्ये सरकारने संशोधनासाठी शेतकऱ्यांवर पट्टी बसवायचं ठरवलं. पत्रकारांनी तिला पादाचा कर म्हटलं (चुकीच्या टोकाकडे बोट दाखवून), शेतकरी संसदेवर धडकले आणि शेन आर्डर्न हे खासदार जुना ट्रॅक्टर घेऊन संसदेच्या पायऱ्या चढले. कर मागे घेतला गेला. मात्र उद्योग आणि सरकार यांच्या सामाईक पैशातून संशोधन चालू राहिलं. तिथल्याच चमूने २०१० मध्ये कोठीपोटातल्या एका प्रमुख मिथेनकारक जीवाचा पूर्ण जीनोम प्रसिद्ध केला. कमी मिथेन देणाऱ्या मेंढ्यांचं निवडपैदाशीचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं, आणि तो गुण वंशात उतरतो हे सिद्ध झालं. डिसेंबर २००९ मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत न्यूझीलंडच्या पुढाकाराने जागतिक संशोधन आघाडी जाहीर झाली. पुढे तिच्यामार्फत विकसनशील देशांतल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना काही महिने परदेशी प्रयोगशाळेत काम करण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. एखाद्या देशाने ठरवून या कामाची माणसं घडवली, असं म्हणता येईल ते न्यूझीलंडबद्दल.

मधल्या काळात पैशाचा झरा बदलला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००६ मध्ये पशुपालनाचा जागतिक उत्सर्जनातला वाटा १८ टक्के सांगितला, २०१३ मध्ये तो १४.५ टक्के असा सुधारला. दोन्ही आकड्यांवर भांडणं झाली, तरी निधी वाढतच गेला. डीएसएम या कंपनीने मिथेन करणाऱ्या जीवाच्या शेवटच्या पायरीवर बोट ठेवणारं रसायन शोधलं. पेनसिल्व्हेनियातच, आर्म्सबींच्या विद्यापीठात, अलेक्झांडर ह्रिस्टोव्ह यांच्या चमूने २०१५ मध्ये दुभत्या गाईंत सुमारे ३० टक्के घट दाखवली. ब्राझील आणि चिलीने २०२१ मध्ये, युरोपीय संघाने २०२२ मध्ये, अमेरिकेने २०२४ मध्ये ते मान्य केलं. ऑस्ट्रेलियात रॉब किन्ली आणि सहकाऱ्यांना अ‍ॅस्परागोप्सिस या लाल समुद्रशेवाळात त्याहून मोठा परिणाम दिसला. त्यातलं मुख्य द्रव्य ब्रोमोफॉर्म, म्हणजे साठच्या दशकातल्या क्लोरोफॉर्मचा सख्खा भाऊ. जुनीच वाट, या वेळी समुद्रातून.

यामुळे पेशाचा चेहराही बदलला. पोषणतज्ज्ञ आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ पुरेसे नव्हते. जनुकशास्त्रज्ञ आले; कॅनडात २०२३ पासून होल्स्टिन गाईंच्या वळूनिवडीत मिथेनचा निर्देशांक मिळतो. देणगीदारांचा पैसा आला. समाजशास्त्रज्ञांची गरज कळली ती २०२४ च्या अखेरीस. ब्रिटनमध्ये डीएसएमचं ते रसायन गाईंना देऊन पाहण्याचं जाहीर होताच लोकांनी दूध सिंकमध्ये ओतल्याच्या चित्रफिती टाकायला सुरुवात केली. पुराव्यांचा ढीग लोकांच्या भीतीपुढे तोकडा पडला. डेन्मार्क २०३० पासून पशुधनाच्या उत्सर्जनावर कर लावायचं ठरवून बसला आहे; तिथे मोजणाऱ्याच्या आकड्यावर शेतकऱ्याचं देणं ठरणार.

भारतात असा कर नाही, आणि २०२१ च्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेवर भारताने सही केलेली नाही. २०१९ च्या पशुगणनेत १९ कोटी ३४ लाख गोवंश आणि सुमारे ११ कोटी म्हशी मोजल्या गेल्या, बहुतेक दोन-तीन जनावरांच्या गोठ्यांत. मिथेन कमी करण्यासाठी खिशातून पैसे घालणारा शेतकरी इथे कोण? म्हणून १९९५ मध्ये स्थापन झालेल्या, आडुगोडीच्या राष्ट्रीय पशुपोषण आणि शरीरक्रियाशास्त्र संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून हरित धारा हे पूरक खाद्य आणलं, तेव्हा मिथेन १७ ते २० टक्के घटतो यासोबत दूध वाढतं हेही सांगितलं. उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत डी. एन. कामरा आणि त्यांचे विद्यार्थी याआधीच शेकडो झाडपाल्यांचे अर्क या कामासाठी तपासत होते. अजूनही या विषयाची वेगळी पदवी नाही. वाट पशुवैद्यकाची, मग पशुपोषणातली एम.व्ही.एस्सी., पीएचडी, आणि कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची परीक्षा. जागेच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं पशुपोषण. आर्म्सबींचाच विषय.

आणि आपल्याकडे लाखो जनावरांपर्यंत पोचलेला उपाय प्रयोगशाळेतून आलेलाच नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने राष्ट्रीय डेअरी योजनेत आहार संतुलनाचा कार्यक्रम चालवला. गावातलाच प्रशिक्षित तरुण किंवा ताई गोठ्यात येते, गाईच्या छातीचा घेर टेपने मोजून वजन काढते, दूध आणि फॅट नोंदवते, घरात कडबा, सरकी पेंड, हिरवा चारा काय आहे ते विचारते आणि त्यातूनच खुराकाचं प्रमाण ठरवून देते. मंडळाच्या अभ्यासांत लिटर दुधामागचा मिथेन त्याने घटलेला दिसतो. त्या भेटीत मिथेनचं नाव निघायचं कारणच नसतं. ताई सांगते पेंड किती कमी करायची, खनिज मिश्रण किती घालायचं, आणि महिन्याला किती रुपये वाचतील.