केडीकेए नभोवाणी केंद्र

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहराचे, बातम्या व चर्चा यांना वाहिलेले नभोवाणी केंद्र. १,०२० किलोहर्ट्झ या वारंवारतेवर ते ५० किलोवॉट शक्तीने प्रक्षेपण करते. २ नोव्हेंबर १९२० रोजी सुरू झालेल्या या केंद्राचा उल्लेख पुष्कळदा ‘जगातील पहिले नभोवाणी केंद्र’ असा केला जातो. तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही.

केंद्राचे मूळ वेस्टिंगहाउस या विद्युत उपकरणे बनवणाऱ्या कंपनीतील अभियंते फ्रँक कॉनरॅड यांच्या विल्किन्सबर्ग येथील गॅरेजात आहे. तेथील ‘८एक्सके’ या प्रायोगिक केंद्रावरून ते पहिल्या महायुद्धानंतर, बहुधा १९१९ च्या ऑक्टोबरपासून, ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकवू लागले. सप्टेंबर १९२० मध्ये जोसेफ हॉर्न या दुकानाने हे कार्यक्रम ऐकण्यासाठी तयार रेडिओ संचांची जाहिरात दिली. ती पाहून वेस्टिंगहाउसचे उपाध्यक्ष हॅरी डेव्हिस यांनी ताडले की, कार्यक्रम नियमित झाले तर संचांना गिऱ्हाइकांची वाण पडणार नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच ईस्ट पिट्सबर्गच्या कारखान्याच्या छपरावर १०० वॉटचा प्रक्षेपक उभा राहिला आणि त्यावरून लिओ रोझेनबर्ग यांनी हार्डिंग-कॉक्स अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल वाचून दाखवले. वृत्तपत्राच्या कचेरीतून ते दूरध्वनीने येत असत. त्या रात्री ‘केडीकेए’ हीच संकेताक्षरे (केंद्राची ओळख सांगणारी अक्षरे) वापरली गेली की ‘८झेडझेड’ ही तात्पुरती, याबाबत मतभेद आहेत. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील केंद्राला ‘के’ हे आद्याक्षर मिळणे अपवादात्मक असले, तरी त्या अल्पकाळात संकेताक्षरे जहाजांच्या यादीतून क्रमाने दिली जात असल्याने ते घडले.

अग्रमानाचा वाद मुख्यतः व्याख्येचा आहे. डेट्रॉइटचे ‘८एमके’ (पुढे डब्ल्यूडब्ल्यूजे) २० ऑगस्ट १९२० पासून प्रक्षेपण करीत होते आणि ३१ ऑगस्टला त्याने प्राथमिक निवडणुकीचे निकालही दिले होते. मात्र त्याचा परवाना हौशी वर्गाचा होता. सॅन होझे येथील चार्ल्स हेरल्ड यांचे प्रयोग १९०९ पर्यंत मागे जातात, तर मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे ‘९एक्सएम’ हेही दावेदार आहे. अमेरिकेबाहेर पाहिल्यास हेग येथील हान्सो इड्झर्डा यांचे नोव्हेंबर १९१९ मधील प्रक्षेपण आधीचे ठरते. केडीकेएची बाजू परवान्यावर उभी आहे. परंतु तो ‘मर्यादित व्यापारी’ वर्गाचा होता आणि प्रक्षेपणासाठी वेगळे नियम १ डिसेंबर १९२१ पासूनच लागू झाले, हे सहसा सांगितले जात नाही. बोडिनो व किट्रॉस या अभ्यासकांनी १९७७ मध्ये चार केंद्रांची तुलना करून केडीकेएला कौल दिला; त्यांपैकी बोडिनो हे वेस्टिंगहाउसचे माजी अधिकारी होते. त्यामुळे ‘सार्वजनिक श्रोत्यांसाठी पूर्वघोषित वेळापत्रकानुसार अखंड चालत आलेले, व्यापारी परवान्याचे अमेरिकेतील सर्वांत जुने केंद्र’ हे लांबलचक वर्णन अधिक सुरक्षित वाटते.

२ जानेवारी १९२१ रोजी कॅल्व्हरी चर्चमधील प्रार्थना आणि ५ ऑगस्ट १९२१ रोजी फोर्ब्स फील्डवरील पायरेट्स-फिलीज बेसबॉल सामना केंद्राने थेट ऐकवला. सामन्याचे समालोचक हॅरल्ड आर्लिन हे पहिले पूर्णवेळ निवेदक मानले जातात. १९४१ च्या वारंवारता-फेरवाटपात केंद्र ९८० वरून १,०२० किलोहर्ट्झवर आले.

संगीतप्रधान कार्यक्रम जाऊन बातम्या व चर्चा हे स्वरूप १९९२ मध्ये आले. १९९५ मध्ये वेस्टिंगहाउसने सीबीएस ही प्रसारण कंपनी विकत घेतल्यावर केंद्र त्या समूहात गेले. २०१७ पासून ते एंटरकॉमकडे असून या कंपनीने २०२१ मध्ये ऑडसी हे नाव घेतले.