इकिगाई

इकिगाई : जगावेसे वाटायला लावणारी गोष्ट आणि ती आपल्यापाशी असल्याची जाणीव, या दोन्हींसाठी जपानमध्ये रोजच्या बोलण्यात वापरली जाणारी संज्ञा. नातवंडे, परसातला भाजीचा वाफा, हौसेचे गाणे, अर्धे राहिलेले संशोधन, यांपैकी काहीही एखाद्याचे इकिगाई असू शकते. ते एकच असावे किंवा आयुष्यभर तेच राहावे, अशीही अट नाही.

महाराष्ट्रात ही संज्ञा पोहोचली ती मात्र करिअर मार्गदर्शनाच्या वाटेने. आवडते काय, जमते काय, जगाला हवे काय आणि पैसे कशाचे मिळतात अशी चार वर्तुळे काढायची; ती जिथे एकमेकांवर येतात तिथे तुमचे जीवनध्येय, असे ही मांडणी सांगते. या आकृतीचा उगम जपानमध्ये नाही. स्पेनमधील ज्योतिषी आंद्रेस झुझुनागा यांनी २०११ च्या सुमारास ती तयार केली, तेव्हा मधल्या जागेत ‘प्रयोजन’ या अर्थाचा स्पॅनिश शब्द होता. अमेरिकी लेखक डॅन ब्युटनर यांनी २००९ मध्ये ओकिनावा बेटांवरील दीर्घायुषी लोकांविषयी भाषण देताना इकिगाईचा उल्लेख केला होता. ब्रिटिश उद्योजक मार्क विन यांनी २०१४ मध्ये या दोन गोष्टींची सांगड घातली. आकृतीतला मधला शब्द काढून त्यांनी तिथे ‘इकिगाई’ लिहिले आणि ते चित्र जगभर पसरले. हेक्टर गार्सिया आणि फ्रान्सेस्क मिरायेस या लेखकांचे २०१६ चे लोकप्रिय पुस्तक त्यानंतरचे. मराठी वाचकाला ही संज्ञा बहुधा त्याच्या अनुवादातून माहीत असते. ज्योतिषाने काढलेली आकृती व्यवस्थापनाच्या वर्गात प्राचीन जपानी शहाणपण म्हणून शिकवली जाते, हा प्रकार मोठा गमतीचा आहे.

या संकल्पनेचा गंभीर अभ्यास सुरू झाला तो कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत. तो केला मिएको कामिया (१९१४–१९७९) या मानसोपचारतज्ज्ञांनी. वडील तामोन माएदा मुत्सद्दी होते आणि पुढे १९४५ मध्ये शिक्षणमंत्री झाले. त्यांच्या नोकरीमुळे मिएको यांचे बालपण काही काळ जिनीव्हात गेले. एकोणिसाव्या वर्षी, धर्मप्रचारक मामांच्या कार्यक्रमात ऑर्गन वाजवायला म्हणून त्या टोकियोजवळच्या एका कुष्ठधामात गेल्या आणि तिथल्या रुग्णांना पाहून आपण डॉक्टर व्हायचे असे त्यांनी ठरवले. घरून विरोध झाला. मग क्षयाने गाठले. कारुइझावा या थंड हवेच्या ठिकाणी एकट्याने राहून उपचार घेताना त्यांनी मार्कस ऑरेलियस हा रोमन सम्राट मूळ ग्रीकमधून वाचला आणि पुढे त्याचे चिंतन जपानीत आणले. वैद्यकीय पदवी मिळाली ती १९४४ मध्ये, तिशीत. तोवर वाट सापडली होती, पण त्या वाटेला लागायला आणखी तेरा वर्षे जायची होती. लग्न, दोन मुले, भाषा शिकवण्याच्या नोकऱ्या, अनुवाद असे सगळे करत १९५७ मध्ये त्यांनी नागाशिमा आइसेइएन या कुष्ठधामात संशोधनाला सुरुवात केली.

नागाशिमा हे ओकायामा प्रांताच्या किनाऱ्यालगतचे, सेतो अंतर्गत समुद्रातले बेट. देशातले पहिले राष्ट्रीय कुष्ठधाम १९३० मध्ये इथे सुरू झाले. बेट आणि मुख्य भूमी यांच्यातली खाडी सर्वांत अरुंद जागी जेमतेम ३० मीटर रुंद आहे. पण त्यावर पूल झाला १९८८ मध्ये. रुग्णाला आणून सोडले की तो सहसा पुन्हा परतत नसे. अनेकांनी घरच्यांना बोल लागू नये म्हणून नाव बदलले होते. लग्नाची परवानगी हवी असेल तर आधी नसबंदी करून घ्यावी लागे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस प्रोमिन हे औषध जपानमध्ये वापरात आले आणि रोग बरा होऊ लागला, तरी सक्तीने वेगळे ठेवण्याचा कायदा १९९६ पर्यंत टिकला. हे धोरण घटनाबाह्य होते, असा निकाल कुमामोतो जिल्हा न्यायालयाने २००१ मध्ये दिला.

कामियांना इथे एक कोडे दिसले. ज्यांचा आजार सौम्य होता, ज्यांना जेवणखाण, निवारा, औषध सगळे मिळत होते, त्यांतले अनेक जण दिवस निरर्थक वाटतात, पुढे काही दिसत नाही, असे सांगत. आणि त्याच वॉर्डांत, त्याच भिंतींआड, काही थोडे जण असे होते की त्यांच्या बोलण्यात जगण्याची ओढ ठासून भरलेली होती. परिस्थिती सारखी असताना हा फरक कुठून येतो? बेटावर अंध रुग्णांनी १९५३ मध्ये हार्मोनिकावादकांचे एक पथक उभारले होते. रोगाने बोटांची संवेदना गेलेली, त्यामुळे ब्रेल हाताने वाचता येत नसे. काही जण ओठांनी आणि जिभेने ठिपके चाचपत वाचायला शिकले. सराव करताना जीभ सोलून निघे, कागदावर रक्त उतरे. स्वरलिपी अशी पाठ करून त्यांनी वाद्यवृंद चालवला. चार वर्तुळांच्या हिशेबात या माणसांना कुठे बसवायचे? पैसा नव्हता, कौशल्य शून्यापासून कमवायचे होते, आणि ज्या जगाच्या गरजेची गोष्ट आकृती करते त्या जगाने तर त्यांना बेटावर टाकून दिलेले होते. आनंदवन माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे फार परके वाटू नये.

या निरीक्षणांवर आधारलेला कामियांचा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यातून जगण्याला बळ मिळते ती गोष्ट वेगळी आणि ते बळ मिळाल्याची भावना वेगळी, असा भेद त्या करतात. ही भावना म्हणजे सुख नव्हे. वर्तमान अंधारलेले असले तरी पुढच्या एखाद्या गोष्टीकडे डोळे लागलेले असतील तर ती टिकते. सुखाचे तसे नसते. जगण्यात भरलेपण, बदल, भविष्य, प्रतिसाद, स्वातंत्र्य, आत्मविकास आणि अर्थ अशा सात गरजा त्यांनी सांगितल्या. त्यांतली प्रतिसादाची गरज विशेष लक्षात घेण्यासारखी आहे, कारण ती एकट्याने कागदावर वर्तुळे काढून भागत नाही. आपले असणे कोणाला किंवा कशाला तरी हवे आहे का, आणि आपले स्वतःचे असे ध्येय काय, ते असेल तर आपण त्याच्याशी प्रामाणिक आहोत का, हे प्रश्न माणूस स्वतःला विचारतो, असे त्या लिहितात. पहिला प्रश्न इतरांचा, दुसरा आपला. हा क्रमही बोलका आहे. हरवलेले इकिगाई पुन्हा कसे मिळते, यावर ग्रंथाचा मोठा भाग खर्ची पडला आहे. सुरुवातीलाच ध्येय शोधून काढण्याची घाई त्यात कुठे नाही.

जपानमध्ये नंतरच्या काळात वादाचा विषय राहिला तो निराळाच : इकिगाई आपल्या समूहाशी एकरूप होण्यात आहे की स्वतःला घडवण्यात? मानववंशशास्त्रज्ञ गॉर्डन मॅथ्यूज यांनी १९९६ मध्ये जपानी आणि अमेरिकी माणसांच्या मुलाखतींवरून हा पेच मांडला. युद्धोत्तर भरभराटीच्या काळात पुरुषांसाठी कंपनी आणि बायकांसाठी मुले, हे उत्तर जवळपास गृहीत होते. निवृत्तीनंतर कंपनी सुटते, तेव्हा हे उत्तर सर्वांत आधी पुरुषांच्या हातून निसटते.

तोहोकु विद्यापीठाच्या संशोधकांनी मियागी प्रांतातील ओसाकी भागात ४० ते ७९ वयाच्या ४३,३९१ जणांना ‘तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का’ असा एकच प्रश्न विचारला आणि पुढची सात वर्षे त्यांचा मागोवा घेतला. ‘आहे’ म्हणणारे ५९ टक्के, ‘नाही’ म्हणणारे पाच टक्क्यांहून कमी. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ‘नाही’ म्हणणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे दीडपट होता, आणि ही वाढ मुख्यतः हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे दिसली. हा आकडा जाहिरातींत सढळ हाताने वापरला जातो. पण ‘नाही’ म्हणणाऱ्या गटात अविवाहित, बेरोजगार आणि आधीच प्रकृती ढासळलेल्या लोकांचे प्रमाण जास्त होते, हे सहसा सांगितले जात नाही. संशोधकांनी या गोष्टी हिशेबात धरल्या होत्या. तरी केवळ पाहणीवरून ध्येय सापडले की आयुष्य वाढते, असे म्हणता येत नाही.

वृद्धांसाठी इकिगाई हा जपानमध्ये सरकारी धोरणाचाही भाग आहे. वृद्धकल्याण कायद्यात या संज्ञेचा उल्लेख आहे. साठीपुढच्या लोकांना हलके काम मिळवून देणारी केंद्रे १९७० च्या दशकाच्या मध्यास टोकियोत सुरू झाली आणि १९८६ मध्ये त्यांना कायद्याचा आधार मिळाला. बागेतले तण काढणे, सायकलतळ सांभाळणे, सरकत्या दारांना नवा कागद लावणे, अशी कामे ही केंद्रे सभासदांना आळीपाळीने वाटून देतात आणि झालेल्या कामापुरता मोबदला देतात.