ॲव्हरेज राहू द्या, गप्पा मारता येतायत का?

रविवारच्या सायकल राईडचा फोटो ग्रुपवर पडला रे पडला की खाली पहिला प्रश्न ठरलेला, "ॲव्हरेज किती पडला?", म्हणजे सरासरी वेग किती. खडकवासल्याला गेलात, कणीस खाल्लंत, मजा आली का, हे कुणी विचारत नाही. यामागे एक समज घट्ट बसलाय, की धाप लागली नाही, मांड्या भरून आल्या नाहीत तर तो व्यायामच नाही, नुसतं फिरणं. मला हा समज मनापासून खोडून काढायचाय, कारण नवीन माणूस पहिल्या दोन राईडमध्ये पुढच्यांच्या मागे जीव तोडून पळतो, तिसऱ्या रविवारी येतच नाही आणि सायकल बाल्कनीत जाते.

बोलता येईल इतक्याच वेगाने चालवा, असं जुने सायकलवाले सांगतात. ऐकायला हा घरगुती सल्ला वाटतो, पण त्यामागचं शरीरशास्त्र फार सुंदर आहे, ते जरा सावकाश सांगतो.

आरामात पेडल मारताना मांडीतले मुख्यतः तांबडे, संथ तंतू काम करतात. त्यांच्यात मायटोकाँड्रिया, म्हणजे शाळेत शिकलेल्या तंतुकणिका, भरपूर असतात. चरबी आणि ग्लुकोज ऑक्सिजनच्या मदतीने नीट जळतात, पाणी आणि कार्बन डायऑक्साईड तयार होतो, तेवढा श्वासावाटे निघून जातो, सगळा हिशोब जमलेला. आता वेग वाढवा. पांढरे, जलद तंतूही कामाला लागतात आणि ते ग्लुकोज इतक्या झपाट्याने फोडतात की मायटोकाँड्रियांना तेवढा माल उरकत नाही, मग ग्लुकोज फोडताना तयार होणारं लॅक्टेट साठायला लागतं आणि त्याच्या जोडीने हायड्रोजन आयन वाढतात, म्हणजे आम्लता वाढते.

रक्ताला आम्लता अजिबात चालत नाही, त्याचा सामू, म्हणजे pH, ७.४ च्या आसपासच राहायला लागतो. म्हणून रक्तातलं बायकार्बोनेट पुढे येतं, ते हायड्रोजन आयन पकडतं, त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि ते लगेच फुटून पाणी आणि कार्बन डायऑक्साईड तयार होतो. खायच्या सोड्यावर लिंबू पिळलं की जे फसफसतं ना, रसायनशास्त्र तेच. म्हणजे बघा, इंधन जाळून होणारा कार्बन डायऑक्साईड होताच, त्यावर हा जादाचा आला. मानेतल्या मुख्य धमन्यांजवळ आणि मेंदूच्या तळाशी हे मोजणारे संवेदक असतात, त्यांच्याकडून निरोप जातो की श्वास वाढव, आत्ताच्या आत्ता.

आता बोलण्याकडे या. बोलताना आपण पटकन श्वास आत घेतो आणि मग वाक्य संपेपर्यंत तो हळूहळू, अडवून अडवून बाहेर सोडतो. नुसते बसलेलो असताना मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा पुरते, त्यामुळे चैनीत बोलता येतं. जोराच्या चढावर हाच आकडा शंभर लिटरच्या घरात जाऊ शकतो, तिथे उच्छ्वास लांबवायची सवलत मेंदू देतच नाही, म्हणून वाक्य मधेच तुटतं. बायकार्बोनेटचं काम जिथे वाढायला लागतं साधारण तिथेच गप्पाही थांबतात.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या कार्ल फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी हे प्रयोगशाळेत तपासलंय. व्यायामाचा जोर टप्प्याटप्प्याने वाढवत लोकांना ठरलेला उतारा म्हणायला लावायचा आणि विचारायचं, आरामात बोलता आलं का? आपल्याकडे शाळेतली प्रतिज्ञा आहेच, सगळ्यांना पाठ असते, चढाला लागल्यावर म्हणून बघा. घड्याळातल्या हार्टरेट झोनपेक्षा, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांवरून पाडलेल्या टप्प्यांपेक्षा, मला हे जास्त भरवशाचं वाटतं, कारण ते झोन बऱ्याचदा जास्तीत जास्त ठोके म्हणजे २२० वजा वय या सूत्रावरून काढलेले असतात आणि ते सूत्र एकेका माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं.

मग एवढ्या आरामात चालवून फिटनेस वाढतो का? वाढतो. सहनशक्तीच्या व्यायामाने स्नायूंतल्या मायटोकाँड्रिया वाढतात हे जॉन होलोझी यांनी १९६७ मध्ये उंदरांवर दाखवलं. जोरात पळवूनही त्या वाढतात, पण त्या जोराने आपल्यासारखा माणूस तासभरही टिकत नाही, आणि गप्पांच्या वेगाने तीन तास जाता येतं, वर परवा पुन्हा निघायची इच्छा शिल्लक राहते. शरीरावर एकूण काम किती पडलं ते महत्त्वाचं.

इथे एक सांगायलाच हवं, उन्हाळ्यात प्लॅस्टिकचं जाकीट घालून सायकल चालवणारे लोक दिसतात, घामावाटे चरबी आणि 'टॉक्सिन' निघतात म्हणून. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. वजन कमी दिसतं ते पाणी प्यायलं की परत येतं. रक्त साफ करायचं काम यकृत आणि मूत्रपिंड करतात, जाकिटाने फक्त उष्माघात होईल. फॅट बर्नर पावडरीवरही कृपया पैसे घालवू नका.

ग्रुपमध्ये मात्र खरी अडचण येते, कारण प्रत्येकाचा गप्पांचा वेग वेगळा. इथे हवा मदतीला येते. हवेचा विरोध तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते, ताशी २० किलोमीटरवरून ३० वर गेलात की ती तिपटीहून जास्त होते. म्हणून सपाट रस्त्यावर दमदार माणसाने पुढे राहायचं आणि नवख्याने त्याच्या चाकामागे, सुरक्षित अंतर ठेवून, म्हणजे दोघंही एकाच वेगाने जातात पण मागच्याला बरंच कमी कष्ट पडतात. सगळ्यात शेवटी एक अनुभवी स्वीप, म्हणजे सगळ्यांच्या मागून येणारा माणूस, ठेवायचा, पंक्चर झालेला मागे राहायला नको.

कात्रजच्या घाटात हे गणित चालत नाही. तिथे वेग येतो आठ-दहावर, हवेचा विरोध नगण्य, सगळी लढाई गुरुत्वाकर्षणाशी, आणि कुणाच्या चाकामागे राहून तुमचं वजन काही कमी होत नाही. तेव्हा सपाटीवर एकत्र राहायचं, घाटाला लागलं की गट मोडायचा, हलका गिअर टाकून ज्याने त्याने आपल्या श्वासाने चढायचं, आणि पहिला पोचलेल्याने बोगद्याच्या अलीकडे शेवटचा येईपर्यंत थांबायचं. शेवटचा आल्यावर लगेच निघायचं नाही, त्यालाही पाच मिनिटं बसू द्यायचं.