एलडॅप डिरेक्टरीतील खात्यांची कमांड लाइन साधने

एखाद्या संस्थेतील प्रत्येक संगणकावर प्रत्येक व्यक्तीचे खाते स्वतंत्रपणे उघडण्याऐवजी सर्व खात्यांच्या नोंदी एका सर्व्हरवर ठेवल्या जातात आणि लॉगिनच्या वेळी बाकीचे संगणक त्यालाच विचारतात. या मध्यवर्ती नोंदसंग्रहास डिरेक्टरी म्हणतात. तिच्यातील खाती टर्मिनलवर आदेश टाइप करून उघडणे, शोधणे, बदलणे व काढून टाकणे यांसाठी वापरले जाणारे छोटे प्रोग्राम हा या नोंदीचा विषय आहे.

युनिक्स जगात अशी व्यवस्था सन मायक्रोसिस्टिम्सने १९८०च्या दशकात रूढ केली. तिचे मूळ नाव ‘यलो पेजेस’ होते. परंतु ब्रिटनमध्ये तो ब्रिटिश टेलिकॉमचा ट्रेडमार्क असल्याने तिचे ‘एनआयएस’ असे नव्याने बारसे करावे लागले, आणि ‘वायपीकॅट’सारख्या आदेशांत मात्र जुनी आद्याक्षरे राहून गेली. पुढे ही जागा एलडॅपने, म्हणजे डिरेक्टरीशी संवाद साधण्याच्या एका प्रोटोकॉलने (ठरावीक नियमावलीने), घेतली. १९८८ च्या एक्स.५०० या डिरेक्टरीसाठीच्या अवजड मानकाला सुटसुटीत वाट म्हणून मिशिगन विद्यापीठात आकारास आलेल्या या प्रोटोकॉलचे पहिले तपशील १९९३ मध्ये व आजही चालणारी तिसरी आवृत्ती १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच विद्यापीठाच्या प्रोग्रामांतून १९९८ मध्ये ओपनएलडॅप हा मुक्त प्रकल्प उभा राहिला.

ओपनएलडॅपमधील साधनांची नावे त्यांचे काम सांगतात: एलडॅपसर्च, एलडॅपअ‍ॅड, एलडॅपमॉडिफाय, एलडॅपडिलीट आणि एलडॅपपासवर्ड. मात्र यांपैकी एकालाही ‘वापरकर्ता’ म्हणजे काय हे ठाऊक नसते. खाते हीही त्यांच्या लेखी इतर नोंदींसारखीच एक नोंद असते. तिच्यात वापरकर्ता क्रमांक, गट क्रमांक आणि होम डिरेक्टरी (वापरकर्त्याच्या फाइलींचा फोल्डर) असावी, हे सर्व्हरवरील स्कीमा, म्हणजे नोंदींच्या रचनेचे नियम, ठरवतो. म्हणून प्रशासकाचा खरा वेळ आदेशापेक्षा त्याला पुरवायची फाइल लिहिण्यात जातो. एलडिफ नावाच्या या साध्या मजकूर-फाइलीत रिकामी ओळ दोन नोंदींना वेगळे करते, एकाच नोंदीतील दोन बदलांमध्ये केवळ आडव्या रेघेची ओळ येते आणि सुरुवातीला एक मोकळी जागा असलेली ओळ मागच्या ओळीचाच पुढचा भाग मानली जाते. अनवधानाने पडलेली अशी एक मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही, पण त्यामुळे दोन ओळी एकमेकींत मिसळतात.

मराठी नावांच्या बाबतीत एलडिफचा आणखी एक नियम जाणवतो. आस्की (मूळ इंग्रजी अक्षर-अंकांच्या) संचाबाहेरील मूल्य बेस-६४ या, साध्या रोमन चिन्हांत बसवलेल्या, रूपात लिहिले जाते व त्यापूर्वी एकाऐवजी दोन अपूर्णविराम (::) येतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत ३ बाइटांचे असल्याने बेस-६४ मध्ये त्याची बरोबर ४ अक्षरे होतात. काना-वेलांटी धरून ५ चिन्हांचे ‘सविता’ हे नाव त्यामुळे एलडॅपसर्चच्या उत्तरात २० रोमन अक्षरे, अंक व चिन्हे यांची माळ होऊन उमटते, आणि तिच्यातील प्रत्येक चौकडी ४ हा अंक व के हे अक्षर यांनीच सुरू होते. प्रथम पाहणाऱ्याला नोंद बिघडल्याची शंका येते. प्रत्यक्षात ती शाबूत असते.

पासवर्डाबाबत सावधगिरी लागते. मोठ्या लिपीतील डब्ल्यूचा पर्याय दिल्यास साधन पासवर्ड विचारून घेते, तर लहान डब्ल्यूपुढे तो आदेशातच लिहावा लागतो आणि मग शेलच्या (आदेश स्वीकारणाऱ्या प्रोग्रामच्या) इतिहासात राहण्याची भीती असते. देवनागरीत न दाखवता येणारा हा लहान-मोठ्याचा भेद येथे बराच महाग पडू शकतो. शिवाय ३८९ या पोर्टवरील (सर्व्हरच्या जोडणी-क्रमांकावरील) साधी जोडणी आपोआप कूटबद्ध होत नाही. त्यासाठी स्टार्टटीएलएसची, म्हणजे चालू जोडणी कूटबद्ध करण्याची, सक्ती करणारा पर्याय द्यावा लागतो किंवा ६३६ पोर्ट वापरावे लागते.

खाते काढून टाकणे सर्वांत सोपे आणि म्हणूनच धोक्याचे काम आहे. एलडॅपडिलीट त्या व्यक्तीची नोंद पुसते, परंतु तिच्या फाइली जागच्या जागी राहतात. त्या फाइलींवर मालकाचे नाव नसून क्रमांक असतो. तोच क्रमांक पुढे नव्या माणसाला दिला, तर जुन्या माणसाच्या फाइली त्याच्या मालकीच्या होतात. दोन खात्यांना एकच क्रमांक जाऊ नये, ही काळजीही सर्व्हर स्वतःहून घेत नाही. ओपनएलडॅपमध्ये त्यासाठी वेगळा जोडभाग बसवावा लागतो. गेलेल्या माणसाचे खाते पुसण्यापेक्षा निष्क्रिय करून ठेवण्याची पद्धत यामुळेच अधिक शहाणपणाची ठरते.

मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत निष्क्रियतेसाठी एका संख्येतील ठरावीक बिट राखून ठेवलेला आहे: नेहमीच्या चालू खात्याचे मूल्य ५१२ असते, तर बंद खात्याचे ५१४. ही डिरेक्टरीही एलडॅप बोलते. त्यामुळे वरील बहुतेक साधने तिच्याशीही चालतात, मात्र पासवर्ड बदलताना ती कूटबद्ध जोडणीचा आग्रह धरते. विंडोजवर २००३ च्या सर्व्हरपासून डीएसअ‍ॅड, डीएसमॉड, डीएसक्वेरी हे आदेश आले आणि नंतर पॉवरशेल या मायक्रोसॉफ्टच्या नव्या आदेश-प्रणालीने त्यांना मागे टाकले. विंडोजच्या नेटवर्क सेवा इतर प्रणालींवर पुरवणाऱ्या सांबा या मुक्त प्रकल्पाने २०१२ मध्ये आवृत्ती ४ द्वारे लिनक्सवर अशीच डिरेक्टरी चालवणे शक्य केले. तेथे सांबा-टूल या एकाच आदेशाच्या उपआदेशांनी खाती उघडता व बंद करता येतात, एलडिफ हाताने लिहावी लागत नाही.